झडप

मी त्यांच्यातला नव्हतो. आधीच सांगून टाकतो,
कारण हल्ली जो तो म्हणतो, मी होतो.
मी कोळसा टाकायचो.
लिएपायाच्या मासळी-कारखान्याखाली
दोन बॉयलर, एक बाक, एक बल्ब
आणि गुरुवारी रात्री ते चौघं.

झिग्मार्सचा ढोल म्हणजे हेरिंगचं पिंप,
कितीही घासलं तरी वास जायचा नाही.
मिर्द्झानं शाळेचं मोडकं ऑर्गन उघडून
त्यात मेलेल्या रेडिओंची आतडी भरली होती.
ओलेग नौदलातला. बेस वाजवतानाही
टोपी काढायचा नाही.
गेदेर्त्सकडे गिटार होती, आणि खोकला.

सुरुवातीला ते गाणीच करायचे,
तीन-तीन मिनिटांची,
मुलगी, खिडकी, समुद्र.
मग संस्कृती खात्याचा माणूस आला.
चष्मा पुसत म्हणाला,
'समुद्र' या शब्दाचा जरा विचार करा.
पलीकडे स्वीडन आहे.

त्यांनी विचार केला.
आधी समुद्र काढला, मग खिडकी.
मुलगी एकटीच उरली, तिला करमेना,
तीही गेली.

शब्द गेल्यावर गाणं लांबत चाललं.
सात मिनिटं. एकोणीस.
पुढे पुढे मी दोनदा भट्टी भरून यायचो
आणि हे अजून त्याच सुरावर,
जणू कुणी दार उघडायची वाट बघतायत.
कागदोपत्री ते 'नृत्यवृंद क्रमांक तीन',
शनिवारी लग्नात पोल्का वाजवणारे.
खरं नाव दर आठवड्याला बदलायचं.
सापडू नये म्हणून, म्हणायचे.
मला वाटतं, त्यांनाच ते सापडत नव्हतं.

गेदेर्त्सचा भाऊ जंगलातल्या मोठ्या दुर्बिणीवर
पहारेकरी होता. त्यानं एकदा मोज्यात लपवून
टेपचा तुकडा आणला. गुरूचा आवाज.
गुरू म्हणजे ग्रह. बारा सेकंद.
ओलं लाकूड जळताना तडतडतं ना, तसाच.
मी म्हटलं, हे तर मी रोज ऐकतो.
कुणी हसलं नाही.

त्याच हिवाळ्यात नळ गोठले.
दाब चढला, मी झडप फिरवली, वाफ सुटली,
आणि मिर्द्झानं एक बोट वर केलं.
परत, म्हणाली.
तो सूर तिच्या ऑर्गनात नव्हता.
तेव्हापासून एकोणिसाव्या मिनिटाला
झडप अर्धी फिरवायची, चार मोजायचे,
तिचं बोट खाली आलं की बंद.
मी त्यांच्यातला नव्हतो,
एवढंच करायचो.

मग देश सुटला.
चष्मेवाला दुकान काढून बसला.
यांना जमिनीवरचं सभागृह मिळालं, खरे दिवे,
समोर चाळीस माणसं, त्यातली निम्मी नातेवाईक.
गेदेर्त्सनं समुद्र परत घालून पाहिला.
घशातून निघेना.
खोकला निघाला.

आरमार परतलं त्या वर्षी ओलेगही गेला,
बेस मासळीच्या कागदात गुंडाळून.
धक्क्यावर मिर्द्झा आली नव्हती.
त्याबद्दल मी काही बोलणार नाही.
झिग्मार्सचं हृदय ठेका चुकलं, एका मंगळवारी.
मिर्द्झा आयर्लंडला, अळंब्यांच्या शेडमध्ये.
पुन्हा अंधारच, तिनं लिहिलं, पण पगार बरा.

परवा गेंटहून एक दाढीवाला पोरगा आला.
जुनी कॅसेट कुठून तरी त्याच्या हाती लागलेली.
विचारतो, एकोणिसाव्या मिनिटाला
हा सिंथेसायझर कुठल्या कंपनीचा?
त्याला खाली नेलं. बॉयलर भंगारात गेलेत,
तिथे आता मोटारी धुतात.
झडप माझ्या घरी आहे, दाराला अडसर म्हणून.
पण एकटी झडप वाजत नाही.

तेव्हा मी दात काढून खिशात ठेवले
आणि तोंडानंच करून दाखवला.
पोरानं माईक धरला, डोळे मिटले.
मी चार मोजले. पाच. सहा.
दम संपत आला,
आणि बोट काही खाली येईना.